कडू बदामाचे कुंपण

आमच्या घराच्या पत्त्यात 'कॉलनी' हा शब्द आहे. गेली पस्तीस वर्षे तो मी पाकिटांवर, रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर लिहीत आलो. त्याचा अर्थ काय, याचा विचार करण्याची वेळ कधी आली नाही. ती आणली माझ्या नातीने. इतिहासाच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक मांडीवर उघडे ठेवून तिने विचारले, "आजोबा, वसाहती करणं वाईट होतं ना? मग आपण वसाहतीत कसे राहतो?"

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे. उत्तर तोंडावर होते. "अगं, ती वसाहत वेगळी आणि ही वेगळी," असे म्हणून मी तिला वाटेला लावले. ती गेली, प्रश्न मात्र बसून राहिला. कारण शब्द तर एकच आहे. लॅटिन भाषेत 'कोलोनस' म्हणजे जमीन कसणारा, आणि अशा कसणाऱ्यांना नेऊन बसवलेली वस्ती म्हणजे 'कोलोनिया'. रोमने जिंकलेल्या मुलखात आपले निवृत्त सैनिक जमिनी देऊन बसवले, त्या वस्त्यांचे हे नाव. जर्मनीतल्या कोलोन शहराचे नाव असेच पडले. लहानपणी ताप चढला की आई ज्या यू-डी-कोलोनच्या पट्ट्या कपाळावर ठेवत असे, त्या पट्टीतसुद्धा ही वसाहत होती म्हणायची!

शाळेत आम्ही हा भाग कसा शिकवला? नकाशा टांगायचा, लिस्बनपासून एक बाण, सेव्हिलपासून दुसरा, लंडन-ॲमस्टरडॅमपासून आणखी दोन. कोलंबस १४९२, वास्को द गामा १४९८. बाण काढून झाले की धडा संपला. त्या बाणाच्या टोकाशी जहाज लागल्यावर पहिल्या दहा वर्षांत नेमके काय घडले, तिथे आधी राहणारे काय म्हणाले, हे आम्ही शिकवले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही कोणी शिकवले नव्हते.

आणि हे बाण सगळे सारखे नव्हते. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतले तेव्हा अल्बुकर्कने आपल्या सैनिकांना तिथल्याच बायकांशी लग्ने लावून स्थायिक होण्यास उत्तेजन दिले. 'कझाडो', म्हणजे संसारी, असा त्यांचा एक वर्गच तयार झाला. स्पॅनिशांना मेक्सिको-पेरूत चांदी सापडली आणि त्या खाणींत राबायला तिथलीच माणसे सापडली. फ्रेंचांनी १६०८ साली कॅनडात क्वेबेक वसवले ते मुख्यतः बीव्हर नावाच्या प्राण्याच्या कातड्यांच्या व्यापारासाठी. त्याला माणसे थोडी पुरत. इतकी थोडी, की १६६३ ते १६७३ या काळात चौदाव्या लुईच्या सरकारने सुमारे पावणेआठशे उपवर मुली सरकारी खर्चाने तिकडे पाठवल्या. इंग्रजांचे जेम्सटाउन १६०७ सालचे. एका खासगी कंपनीने १०४ पुरुष आणि मुलगे सोन्याच्या आशेने व्हर्जिनियाच्या दलदलीत नेऊन उतरवले. पुढे माणसे वाढली, सोने मिळाले नाही, आणि १६०९-१० च्या हिवाळ्यात पाचशेच्या आसपास लोकांतून साठेकच जिवंत राहिले. त्यांना तारले तंबाखूच्या पिकाने. त्याच व्हर्जिनिया वसाहतीत १६१९ साली, काही आठवड्यांच्या अंतराने, दोन गोष्टी घडल्या. लोकांनी निवडून दिलेली पहिली सभा भरली, आणि पकडून आणलेल्या वीसएक आफ्रिकी माणसांची पहिली विक्री झाली. मतपेटी आणि बेडी एकाच मोसमात आली.

ऑस्ट्रेलियाची तऱ्हा आणखी निराळी. अमेरिका हातची गेल्यावर कैदी धाडायचे कुठे, असा इंग्लंडला प्रश्न पडला. अकरा जहाजांतून सातशेंवर बंदी सिडनीच्या किनाऱ्यावर आणले गेले, तो दिवस २६ जानेवारी १७८८. आपण ज्या तारखेला झेंडावंदन करतो त्याच तारखेला तिकडे राष्ट्रीय दिन असतो, आणि तिथले अनेक आदिवासी तो शोकाचा दिवस मानतात.

कोणी धर्मासाठी गेले, कोणी धंद्यासाठी, कोणी साखळदंडात. म्हणून 'युरोपीय वसाहती' असे एका दमात म्हणणे फारसे खरे नाही. तरीही या सगळ्यांच्या मुळाशी एक क्षण सारखा आहे, आणि तो पाहायचा तर मला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला जावेसे वाटते. एक तर तिथे वसाहत व्हावी असे कोणाच्याच मनात नव्हते. दुसरे म्हणजे तिथल्या डच अधिकाऱ्याने रोजनिशी ठेवली आणि ती टिकली.

गोष्ट भाजीपाल्यापासून सुरू होते. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे हॉलंडहून जावाच्या बटाव्हिया बंदरात, म्हणजे आजच्या जकार्तात, पोचायला सहा ते आठ महिने घेत. खारवलेले मांस आणि कडक बिस्किटे खाऊन खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्या सुजत, दात हलत, भरलेल्या जखमा पुन्हा उकलत. ताजी भाजी आणि ताजे मांस मिळाले की माणूस सावरे. १६४७ साली कंपनीचे एक जहाज केपच्या टेबल उपसागरात फुटले. त्यावरच्या काही लोकांना सुमारे वर्षभर तिथेच राहावे लागले. त्यांनी भाजी लावली, ती उत्तम आली. परत गेल्यावर त्यांतल्या दोघांनी कंपनीला लेखी कळवले, की येथे ठाणे करावे. तिथले लोक क्रूर आहेत असे म्हणतात ते खरे नाही. आपल्याच माणसांनी त्यांची गुरे ओढून नेली, म्हणून ते उलटले, असेही त्यांनी स्पष्ट लिहिले.

त्या लोकांचा दरारा मात्र युरोपात जुना होता. भारतातला पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा, दीवची आरमारी लढाई जिंकून मायदेशी परतत असताना, १५१० च्या मार्चमध्ये याच उपसागरात मारला गेला. गुरांवरून तंटा झाला, पोर्तुगीजांनी वस्तीवर चाल केली आणि सुमारे साठ माणसांसह व्हाइसरॉय वाळूत पडला. त्याच वर्षी इकडे गोवा पडले. हिंदी महासागर हादरवणाऱ्या माणसाला दगड आणि भाले वापरणाऱ्या मेंढपाळांनी हरवले होते.

हे मेंढपाळ म्हणजे खोईखोई. या नावाचा त्यांच्या भाषेतला अर्थ 'माणसांतली माणसे'. लांब शेपटाच्या मेंढ्या आणि गुरांचे कळप घेऊन पाऊसमानाप्रमाणे ते ठरावीक वाटांनी फिरत. केपची हिरवळ हा त्यांचा एक मुक्काम होता. ठरल्या हंगामात यायचे, चारून पुढे जायचे. नांगर नाही, बांध नाही, कागद नाही.

६ एप्रिल १६५२ रोजी यान व्हान रीबेक तीन जहाजे आणि सुमारे नव्वद माणसे घेऊन येथे उतरला. वय बत्तीस. चोरून खासगी व्यापार केल्याबद्दल कंपनीने त्याला पूर्वी आशियातून परत बोलावले होते; गेलेली पत परत मिळवायची ही त्याची संधी होती. हुकूम मोजके होते. मातीचा किल्ला बांध, बाग लाव, गुरे विकत घे, स्थानिकांशी सलोख्याने वाग. राज्य मिळव असे त्यात कुठेही नव्हते. कंपनीला खर्च वाढलेला नको होता. तिला कोबी हवा होता. पहिला हिवाळा पावसात, हगवणीत आणि उपासमारीत गेला. लावलेली बाग वाहून गेली. ती पुन्हा लावली. केप टाउनमध्ये 'कंपनीची बाग' आजही आहे.

खोईखोई आपल्या हंगामात आले. तांबे, पितळ, तंबाखू घेऊन त्यांनी थोडी गुरे दिली, तीही बऱ्याचदा म्हातारी किंवा आजारी. आपली दुभती गाय कोण विकतो? कळप हेच त्यांचे घर, बँक आणि प्रतिष्ठा. डचांना मात्र जहाजांमागून जहाजांना पुरेल एवढे मांस हवे होते. दोन्ही बाजूंचे बोलणे दुभाष्यांतून चाले. ऑटशुमाटो नावाचा एक पुढारी पूर्वी इंग्रजांबरोबर जावापर्यंत जाऊन आलेला होता. त्याची पुतणी क्रोटोआ दहा-बारा वर्षांची असताना व्हान रीबेकच्या घरी कामाला राहिली आणि डच भाषेत तरबेज झाली. तिचे पुढे काय झाले, ते सांगणार आहे.

खरा वळणबिंदू १६५७ चा. धान्य बाहेरून आणणे महाग पडते म्हणून कंपनीने आपल्या नऊ नोकरांना नोकरीतून मोकळे करून लीसबीक नदीकाठी जमिनी दिल्या. पिकवा, आणि कंपनीलाच तिच्या भावाने विका. हे नऊ जण कोणी लुटारू नव्हते. युरोपातल्या गरीब घरांतून आलेले, मायदेशी वावभर जमीन मिळण्याची आशा नसलेले ते लोक होते. त्यांना आयुष्यात प्रथमच स्वतःचे शेत मिळाले. त्यांचा आनंद मला समजू शकतो. आमच्या कॉलनीत प्लॉटची चिठ्ठी निघाली तेव्हा माझ्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

पण त्या शेतांत राबणार कोण? खोईखोई दुसऱ्याच्या शेतात मजुरी करायला तयार नव्हते. पुढच्याच वर्षी, १६५८ मध्ये, दोन जहाजांतून चारशेच्या आसपास गुलाम केपला उतरवले गेले, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे आणि अंगोलाकडचे. पुढे दीडशे वर्षांत साठ हजारांवर माणसे अशी आणली गेली, आणि इतिहासकारांच्या हिशेबाने त्यांतली साधारण चौथाई भारतीय उपखंडातली होती. बंगालची, कोरोमंडल किनाऱ्यावरची, मलबारची. केपच्या दप्तरांत त्यांची मूळ नावे सहसा नाहीत. मालकाने ठेवलेले नाव आणि पुढे 'बंगालची', 'मलबारचा' एवढेच. बंगालची अँजेला ही अशीच व्हान रीबेकच्या घरची गुलाम. ती १६६६ मध्ये मुक्त झाली आणि तिने एका युरोपीय वसाहतवाल्याशी लग्न केले. तिच्यासारखे नशीब फार थोड्यांचे. परदेशी गेलेल्या भारतीयांच्या कथा आपण हौसेने वाचतो; हे पहिले गेलेले मात्र आपल्या आठवणीत नाहीत.

१६५९ च्या फेब्रुवारीत केपच्या द्राक्षांची पहिली दारू गाळली गेली, आणि त्याच वर्षी लढाई पेटली. हंगामात परतलेल्या खोईखोईंना आपल्या कुरणांत नांगरट दिसली, पाणवठ्यावर पहारे दिसले. त्यांचा पुढारी डोमान. कंपनीनेच त्याला दुभाष्या करण्यासाठी बटाव्हियाला नेले होते. तिथे त्याने दोन गोष्टी नीट पाहिल्या : डच एकदा बसले की काय होते, आणि पावसात बंदुकीची वात पेटत नाही. त्याने पावसाळी दिवस निवडून हल्ले केले. बैल पळवले, शेते उद्ध्वस्त केली. माणसे मारण्यापेक्षा नांगर बंद पाडणे हा त्याचा डाव होता. लढाई कोणीच धड जिंकले नाही, आणि १६६० च्या एप्रिलमध्ये दोन्ही बाजू किल्ल्यात बोलणी करायला बसल्या.

या बैठकीची हकिकत व्हान रीबेकने स्वतः रोजनिशीत लिहून ठेवली आहे. खोईखोईंचे म्हणणे असे होते, की ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या आमची. तुम्ही ती दरवर्षी थोडी थोडी घेत चालला आहात. आणि मग त्यांनी विचारले, की आम्ही हॉलंडात येऊन असेच वागलो, तर तुम्ही आम्हाला चालू द्याल का?

या प्रश्नाला उत्तर नाही. व्हान रीबेकपाशीही नव्हते. कुरण दोघांना पुरणार नाही, असे त्याने सांगितले. आणि शेवटी, जमीन तुम्ही लढाईत गमावली, आम्ही ती तलवारीने मिळवली, आता ती आमची, असे ऐकवले.

तेव्हा खोईखोईंनी एक अगदी लहान मागणी केली. तिथल्या डोंगरउतारावर कडू बदामाची रानटी झाडे असत. ते बदाम कच्चे खाल्ले तर विषारी; पण भिजवून, शिजवून, भाजून ते हिवाळ्यात खात. निदान ते बदाम वेचायला आणि कंद खणायला तरी आम्हाला येऊ द्या, असे ते म्हणाले. तेही नाकारण्यात आले. एक कारण, ते आत आले तर वसाहतवाल्यांना उपद्रव देतील. आणि दुसरे कारण, जे त्यांना सांगितले नाही, फक्त रोजनिशीत लिहिले : त्या वर्षी ते बदाम कंपनीलाच लागणार होते. वसाहतीभोवती त्यांचेच कुंपण लावायचे होते.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते, ते आठवते. ज्यांच्या तोंडचे बदाम, त्यांनाच बाहेर ठेवण्यासाठी त्या बदामांची भिंत! कुंपण लावले गेले. केप टाउनच्या कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानात त्याचा काही भाग आजही उभा आहे. साडेतीनशेंहून अधिक वर्षे झाली, झाड वाढतेच आहे.

पुढचे भराभर सांगता येते. १६७२ मध्ये जमीनखरेदीचे करार झाले. कागदावर मोठी रक्कम, हाती पडला किरकोळ माल. १७१३ मध्ये एका जहाजावरचे कपडे धुवायला उतरवले, त्यांतून देवी आल्या आणि नैऋत्य केपमधल्या खोईखोईंच्या वाड्या ओस पडल्या. कुरणे गेली, कळप गेले. उरलेले लोक त्याच शेतांवर मजूर झाले, ज्यांवर राबायला त्यांनी पूर्वी नकार दिला होता. भाषा विसरत गेली. क्रोटोआने बाप्तिस्मा घेतला, १६६४ मध्ये कंपनीच्या एका डॅनिश शल्यवैद्याशी लग्न केले. नवरा मादागास्करच्या मोहिमेत मारला गेला. ती दारूच्या आहारी गेली. डचांना ती नकोशी आणि स्वकीयांना परकी झाली. १६७४ मध्ये बंदिवासात, रॉबेन बेटावर तिचा अंत झाला. याच बेटावर पुढे तीन शतकांनी नेल्सन मंडेलांनी अठरा वर्षे काढली. १९१३ च्या कायद्याने दक्षिण आफ्रिकेतल्या बहुसंख्य काळ्या लोकांसाठी देशातली सुमारे सात टक्के जमीन राखून ठेवली आणि बाकीकडे त्यांना जमीन घ्यायला बंदी केली. लीसबीककाठचे ते कुंपण एवढे पसरले होते. व्हान रीबेकच्या आगमनाचा दिवस तिथे वर्णद्वेषी राजवटीत सणासारखा साजरा होई. १९९४ मध्ये राजवट बदलली आणि ती सुट्टीही गेली.

सगळीकडे तलवारच चालली असे नाही. मॅनहॅटन बेट डचांनी १६२६ मध्ये साठ गिल्डरांच्या मालाला 'विकत' घेतले. देणाऱ्यांच्या समजुतीत जमीन कायमची विकली जाऊ शकते, ही कल्पनाच नव्हती, असे अनेक अभ्यासक मानतात. ऑस्ट्रेलियात तलवारीची कबुली नाही आणि खरेदीखतही नाही. जमीन कोणाचीच नाही असे गृहीत धरले गेले, आणि ते गृहीतक तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये माबो खटल्यात मोडीत काढले. जिंकली, विकत घेतली, बेवारस होती : वाटा तीन, पण तिन्ही वाटांवर तो एकच प्रश्न टाळलेला आहे. आम्ही तुमच्याकडे येऊन असे वागलो तर?

आता आमच्या कॉलनीविषयी. येथे पूर्वी माळ होता. पहिली काही वर्षे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे मेंढरे घेऊन याच वाटेने ओढ्याकडे उतरत. मग सोसायटीने कंपाउंड घातले. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. त्या वर्षी एक म्हातारा धनगर फाटकाशी आला आणि ओढ्यापुरती वाट मागू लागला. मी त्याला सांगितले, "बाबा, जागा सोसायटीच्या नावावर आहे, कागद आहेत." तो म्हणाला, "कागुद खराच असंल, सायेब. पर वाट बी खरीच हाय की." आणि हमरस्त्याने वळसा घालून निघून गेला. पुढच्या वर्षापासून ते आले नाहीत. सभेच्या वृत्तांतात मी एक ओळ लिहिली, की कंपाउंडचे काम समाधानकारक पूर्ण झाले.

आमच्या भिंतीची आणि केपच्या कुंपणाची बरोबरी मी करत नाही. ती करणे म्हणजे तिथे गेलेल्या माणसांचा अपमान होईल. आम्ही कोणाला बेड्या घातल्या नाहीत, कोणाची भाषा बुडवली नाही, आणि आमचे कागद खरे होते. पण एवढे मात्र मला आता कळते, की वसाहती राक्षसांनी स्थापल्या असे मी वर्गात शिकवले ते चुकीचे होते. त्या पुष्कळदा माझ्यासारख्यांनी स्थापल्या : घर हवे असलेल्या, हिशेब चोख ठेवणाऱ्या, वरून आलेला हुकूम पाळणाऱ्या माणसांनी. राक्षसांची गोष्ट सांगितली की आपण सुटतो. मुलांनाही तसेच सुटायला शिकवतो.

परीक्षा झाल्यावर मी नातीला पुन्हा बोलावले. केपची गोष्ट सांगितली, मग फाटकाचीही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, मग त्या भिंतीत एक छोटं फाटक ठेवता आलं नसतं का?"

आले असते. ओढ्याच्या बाजूला, आठ फुटांचे. खर्चही फार नव्हता. सभेत ते कोणी सुचवले नाही, आणि सेक्रेटरी या नात्याने ते मी सुचवायला हवे होते.